शनिवारी साडेतीनला पुणं दिसायचं

परवा बंगळुरात मल्लेश्वरमच्या बाजारात फुटपाथवर अवरेकाईचे ढीग दिसले आणि मी ऑटो तिथेच सोडून दिली. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगा. पण इथल्या विकणाऱ्या बाईसमोर तसं म्हणू नये, ती दुखावते. डिसेंबर लागला, पहाटेचं दव पडायला लागलं की या शेंगांच्या सालीवर एक तेलकट, उग्र वास चढतो. त्याला इथे ‘सोगडु’ म्हणतात. शेंग नाकाशी नेल्याशिवाय इथे कोणी विकत घेत नाही. मीही नेली. बाईनं माझा चेहरा पाहिला आणि न विचारताच मोठी पिशवी भरली.

दुपारी गच्चीतल्या उन्हात सोलायला बसले. अर्ध्या तासात अंगठ्यांची नखं काळपट झाली आणि तो वास मनगटापर्यंत चढला. वासाला काळ कळत नाही, हे एक बरं आहे. हात आजचे, पण मी मात्र नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या एका हिवाळ्यात, निळे पडदे लावलेल्या एका गारठलेल्या खोलीत, सात मुलांबरोबर जाऊन बसले.

सुहासच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही पुणं सोडून बंगळूरला आलो, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पुण्यात मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवत असे. इथे कन्नड येत नव्हतं, म्हणून घरी बसले होते आणि घरी बसून चिडचिडी झाले होते. सुहासची कंपनी सॉफ्टवेअरची. एक ऑफिस इथे जयनगरला आणि दुसरं पुण्यात. दोन्हीकडे एकेक खोली अशी होती, की तिच्यातल्या टीव्हीवर समोरच्या गावातली माणसं दिसत, बोलत. टीव्हीच्या डोक्यावर एक कॅमेरा बसवलेला. रिमोट दाबला की तो चिमणीसारखी मान वळवायचा. शनिवारी दुपारी ही खोली रिकामी असे. ऑफिसातल्या मराठी घरांमधली मुलं मराठी विसरत चालली आहेत, तर त्यांची पुण्याच्या मुलांशी गाठ घालून द्यावी, अशी कल्पना सुहासनं काढली. चार शनिवार मिळाले. “तू शिक्षिका आहेस, तूच सांभाळ,” तो म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. कुणी काही सांभाळायला देतंय, हेच मोठं होतं.

सातवी मुलगी ऑफिसातली नव्हती. ती आमच्या घरमालकांची रमा, आठ वर्षांची. तिचं घराणं बंगळुरातलं फार जुनं मराठी. किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठी बोलत, पण ती कन्नडच्या पाण्यात भिजलेली. रमाचे आई-वडील दोघं बँकेत, त्यामुळे तिला घेऊन यायची तिची आत्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. अक्कांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून दिले होते आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. खोलीतल्या मागच्या खुर्चीवर शाल पांघरून त्या बसायच्या, विणकाम करत. मला वाटायचं, त्यांचं लक्ष सुयांकडे आहे.

पहिल्या शनिवारी साडेतीनला टीव्हीचा पडदा उजळला आणि पुणं दिसलं. नऊ मुलं आणि त्यांच्या मधोमध मेधाताई, तिकडच्या ऑफिसातल्या ग्रंथपाल. चित्र तुटक हालायचं. कुणी हात हलवला की पाच हात दिसायचे. आवाज एखाद्या सेकंदानं मागून यायचा. आमची मुलं आधी गप्प, मग सगळी एकदम ओरडायला लागली. तिकडचीही तशीच. आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायच्या आत दुसरा प्रश्न, आणि पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटलेलं. “तुझं नाव काय?” “आमच्याकडे दोन मांजरं आहेत!” एक मुलगा उठून टीव्हीच्या मागे जाऊन बघून आला. मी त्याला रागावले नाही, कारण मलाही बघायचं होतं.

मला त्या खोलीत सारखे प्रश्न पडत. घरी ज्यांचं तोंड मिटत नाही ती मुलं काचेसमोर एवढी अवघडतात का? समोरच्याच्या डोळ्यांत बघायला जावं, तर त्याला वाटतं आपण त्याच्या हनुवटीकडे बघतोय. आणि कॅमेऱ्याकडे बघावं, तर आपल्यालाच तो दिसत नाही. म्हणजे डोळ्याला डोळा द्यायचा असेल, तर डोळ्यांकडे बघायचंच नाही! लहान मुलाला हे कसं सांगायचं? एका मुलीनं विचारलं होतं, “काकू, टीव्ही बंद केल्यावर ती मुलं आपल्याला बघत असतात का?” मी हसून “नाही गं” म्हटलं. आज वाटतं, त्या खोलीत विचारला गेलेला तो सगळ्यांत शहाणा प्रश्न होता.

त्याच दिवशी रमाची बोलायची पाळी आली. ती उभी राहिली, तिकडचा गलका थांबेना, तेव्हा हात वर करून म्हणाली, “स्वल्प थांबा की, मी सांगू लागले आहे.” एका सेकंदानं नऊ मुलं हसली. वाईट हेतूनं नाही. त्यांना गंमत वाटली, एवढंच. कुणीतरी “स्वल्प, स्वल्प” म्हणून पाहिलं. रमा खाली बसली. मीही त्यांच्याबरोबर थोडी हसले होते, हे मला लिहायलाच हवं.

परतताना अक्का म्हणाल्या, “नुसतं बोला म्हणून पोरं बोलतात काय? हातांना काम द्या.” म्हणून दुसऱ्या शनिवारी आम्ही अवरेकाई नेली. मेधाताईंनी हरभऱ्याच्या डहाळ्या आणल्या. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, कॅमेऱ्याची मान खाली वाकवली, आणि दोन गावांतली सोळा मुलं सोलायला बसली. काय जादू झाली कोण जाणे! हात चालू होते, त्यामुळे आवाज उशिरा आला तरी कुणाचं अडेना. इकडची मुलं तिकडे दाखवू लागली, घरून भिजवून आणलेला दाणा चिमटीत धरून दाबला की सालीतून कसा टुण्णकन उडतो. त्या सोललेल्या दाण्याला इथे हितकबेळे म्हणतात. एक दाणा उडून कॅमेऱ्याच्या काचेवर बसला आणि पुण्याला काही वेळ फक्त एक हिरवा डोंगर दिसला. सगळी लोळून हसली. मी एवढी खूश होते, की ऑफिसच्या गालिच्यावरची टरफलं वेचतानाही गुणगुणत होते.

रमा मात्र सोलत होती, बोलत नव्हती. तिच्याशी बोलले ते जादूवाले काका.

पुण्याच्या मुलांच्या मागे एक गृहस्थ त्या दिवशी येऊन बसले होते. चाळिशीचे, नीट भांग पाडलेला, गळ्यात दोरीला ओळखपत्र. त्यांनी नाणं गायब करून एका मुलाच्या कानातून काढलं. मग पडद्याकडे वळून म्हणाले, “आणि ती निळ्या स्वेटरमधली छोटी का गप्प आहे? तिचं ‘स्वल्प’ मुलांनी मला सांगितलं, फार आवडलं. स्वल्प म्हणजे थोडं ना?” रमाचा चेहरा उजळला. मलाही ते गृहस्थ आवडले. जे मला सुचायला हवं होतं ते त्यांना सुचलं, असंही वाटून गेलं. कुणाचे तरी वडील असतील, असं मी धरून चालले.

तिसऱ्या शनिवारी ते आधीच येऊन पडद्याच्या जवळ बसले होते. त्या दिवशी आमच्यातली दोन मुलं रिमोटवरून भांडली आणि मी त्यांना सोडवायला पाठ फिरवली. मागे रमा आणि काका बोलत होते. मला ऐकू येत होतं, पण गोड गाणं ऐकू यावं तसं. शब्द आत जात नव्हते.

“शाळा कुठली गं तुझी?”

रमानं नाव सांगितलं.

“घरी कशी येतेस? कोण आणायला येतं?”

“चालत. बसस्टॉपपर्यंत मैत्रीण असते, मग मी एकटी.”

“वा! मी पुढच्या महिन्यात बंगळूरला येणार आहे. तुझ्यासाठी जादूची पेटी आणीन. घरचा फोन नंबर सांग बघू. पण आईला आत्ता सांगायचं नाही हं. आपली दोघांची गंमत.”

रमानं नंबराचे पहिले तीन आकडे सांगितले. तेवढ्यात अक्कांच्या लोकरीचा गुंडा जमिनीवर घरंगळला. त्या उठल्या, सरळ चालत टीव्हीपाशी गेल्या आणि कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पुण्याला आता फक्त त्यांची शाल दिसत असणार.

“नमस्कार,” अक्का म्हणाल्या. एक्स्चेंजमधला आवाज होता तो. गोड, सपाट आणि न हलणारा. “आपलं नाव?”

एक सेकंद गेला. तो यंत्राचा होता. मग दुसरा गेला, तिसरा गेला. हे सेकंद यंत्राचे नव्हते.

“मी... अहो, मी मुलांना जरा हसवत होतो.”

“ते ऐकलं. नाव विचारलं मी. आणि आपलं मूल यातलं कुठलं?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अक्का बाजूला झाल्या तेव्हा पडद्यावर ती खुर्ची रिकामी होती आणि मेधाताई दाराकडे बघत होत्या.

“मेधाताई, कोण होते ते?” मी विचारलं.

मेधाताईंचा चेहरा तुटक तुटक पांढरा होत गेला. “म्हणजे? ते तुमच्या ऑफिसातर्फे आलेत ना? मला तसंच म्हणाले.”

मी समजत होते ते त्यांचे, त्या समजत होत्या ते आमचे. मधल्या त्या भल्यामोठ्या मोकळ्या जागेत एक माणूस दोन शनिवार आरामात बसला होता.

पुढे कळलं ते असं: तो त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दुसऱ्या कुठल्या तरी ऑफिसात कामाला होता. गळ्यात ओळखपत्र होतं, म्हणून रखवालदारानं सोडलं. ते कुठलं आहे, हे कुणी वाचलं नाही. विचारल्यावर म्हणाला, मुलं आवडतात, सहज गेलो. कंपनीनं त्याच्या ऑफिसला कळवलं, त्या इमारतीतून त्याची बदली झाली, आणि रमाला शाळेतून आणायला अक्का रोज जाऊ लागल्या. त्याच्या मनात खरं काय होतं, मला आजही माहीत नाही. मी तेव्हा अक्कांना म्हटलंही, “कदाचित एकटा असेल बिचारा.”

“असेल,” अक्का म्हणाल्या. “तो वाईट होता काय, ते मला शोधायचं नाही. आईला सांगू नको म्हणाला, तिथे माझं झालं.” मग म्हणाल्या, “तीस वर्षं लायनीवर काढली गं वैदेही. सरळ माणूस आधी नाव सांगतो, मग गप्पा. उलटं करतो त्याच्यावर कान ठेवायचा.”

मला मात्र दुसरंच काही टोचत होतं. नऊ नि सात, सोळा मुलांमधून त्यानं नेमकी रमा का निवडली? कारण ती कडेला गेली होती. आणि कडेला ती माझ्या देखत गेली होती, त्या पहिल्या हसण्याच्या दिवशी. मुलांना रमवणं हे माझं काम आणि त्यांना जपणं हे दाराचं, रखवालदाराचं काम, अशी मी मनातल्या मनात वाटणी केली होती. ती वाटणीच खोटी होती. जे मूल सगळ्यांत मिसळून गेलेलं असतं, त्याला एकट्याला गाठणं अवघड. हे मला पुण्यात वर्गात माहीत होतं. मग पडद्यासमोर का विसरले? समोर एवढं नवं यंत्र आलं, की माणसं ओळखायची जुनी अक्कल आपण बाहेर चपलांबरोबर काढून ठेवतो की काय?

सुहास म्हणाला, चौथा शनिवार रद्द करू. दोन मुलांच्या घरून तसे निरोपही आले होते. मी हो म्हणणार होते. खरं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं.

संक्रांतीच्या संध्याकाळी रमा जरीचं लंगा-पोलकं घालून जिना चढून वर आली. इथे तिळगुळाचे लाडू नसतात. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे असं एळ्ळु-बेल्ला पुड्या बांधून घरोघर द्यायचं. तिनं ताटातली पुडी दिली, नमस्कार केला आणि तशीच उभी राहिली.

“काकू, मी चूक केली का?”

“नाही. तू विचारलेल्याचं उत्तर दिलंस. ते कोण आहेत, हे मी विचारायला हवं होतं. चूक माझी.”

मोठ्या माणसाची चूक ऐकून मुलं किती लक्षपूर्वक बघतात! तिनं माझ्याकडे तसं पाहिलं.

“आणि त्या दिवशी सगळे हसले, तेव्हा मीही हसले,” मी म्हटलं. “तीही माझीच चूक.”

“मला दिसलं होतं,” रमा म्हणाली. मग ताटातल्या पुड्या उगीच सारख्या करत, “आता मग मी कुणाशी बोलायचंच नाही का?”

मी तिच्याबरोबरच खाली गेले आणि अक्कांना सांगितलं, की चौथा शनिवार करायचा, पण तुम्ही हवात. अक्का म्हणाल्या, “सरी, बरं. पण नियम आपण करून त्यांच्या डोक्यावर ठेवायचे नाहीत. पोरांनाच विचार.”

विचारलं. आमच्या बैठकीच्या खोलीत सातही मुलं जमली. निरोप पाठवलेल्या दोन घरांत मी स्वतः जाऊन आले होते, झालं ते जसंच्या तसं सांगितलं होतं. मुलांनी जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. सुरुवातीला कॅमेऱ्यानं मान फिरवून अख्खी खोली दाखवायची, दारासकट. आमचीही. खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसानं उभं राहून नाव सांगायचं आणि आपण कोणाचे कोण ते सांगायचं. आपला पत्ता, शाळा, फोन सांगायचा नाही. मांजराचं नाव चालेल. ‘घरी सांगू नको’ असं कोणी म्हटलं, तर ते तिथल्या तिथे सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं. ज्याला बोलायचं नाही त्यानं पाठ फिरवून बसलं तरी चालेल. टीव्हीच्या मागे जाऊन आलेला तो मुलगा म्हणाला, “आणि बंद केल्यावर खरंच बंद झालंय का, ते आम्ही बघणार.” कुणी हसलं की काय करायचं, यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं, हसणाऱ्यानं तो शब्द शिकायचा आणि वाक्यात वापरून दाखवायचा.

मेधाताईंनी तिकडे हेच केलं. त्यांच्या मुलांनी एक कलम वाढवून पाठवलं: मोठ्यांनी मधे मधे बोलू नये.

हल्ली शेजारची एक तरुण मुलगी मुलांसाठी पडद्यावर गोष्टींचा वर्ग घेते. कोणती बटणं दाबून ठेवू, असं तिनं मला विचारलं. बटणांतलं मला काही कळत नाही. मी तिला फक्त विचारलं, गप्प बसणारं मूल कुठलं आहे, ते तुला माहीत आहे ना? ती विचारात पडली. मला बरं वाटलं. विचारात पडणं ही चांगली सुरुवात असते.

चौथा शनिवार जानेवारीच्या अखेरीस झाला. साडेतीनला पुणं दिसलं. रिमोट रमाच्या हातात दिला होता. तो तिनं मागितला नव्हता, मुलांनीच दिला. आधी आमची खोली दाखवून झाली. अक्का, सुहास, मी, तिघांनी उभं राहून नावं सांगितली. मग तिकडची खोली फिरू लागली: निळा पडदा, खुर्च्या, मेधाताई, पाण्याचा जग, दार. दाराशेजारी भिंतीला टेकून सूट घातलेले एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते.

“ते कोण?” रमा म्हणाली.

सुहास खाली वाकून माझ्या कानात पुटपुटला, “अगं, ते पुण्याचे मोठे साहेब आहेत. त्यांच्यामुळे तर खोली मिळाली.” मेधाताईही घाईनं काहीतरी सांगायला लागल्या. अक्कांनी माझ्या दंडावर नुसता हात ठेवला.

“तुम्ही नाव सांगितलं नाही,” रमा पडद्याला म्हणाली. आवाज बारीक होता, पण पोचला.

ते गृहस्थ भिंतीपासून दूर झाले, कोटाचं बटण लावलं आणि पुढे येऊन उभे राहिले. पूर्ण नाव सांगितलं. “या ऑफिसचं काम मी बघतो. मुलं कशी बोलतात, ते बघायची फार उत्सुकता होती, म्हणून आलो. यातलं माझं मूल कुणी नाही.” मग त्यांनी विचारलं, “मी थांबू का?”

हे त्यांनी मोठ्यांना विचारलं नव्हतं. तिकडची नऊ आणि इकडची सात मुलं एकमेकांकडे बघू लागली. कुजबूज झाली. शेवटी पुण्यातली एक दोन वेण्यांची मुलगी, तिथल्यांत सगळ्यांत लहान, म्हणाली, “आज नको.”

सुहासनं डोळे मिटून घेतले.

“बरं,” साहेब म्हणाले. त्यांनी मुलांना हात केला, वळले, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

रमा माझ्याकडे वळली. “काकू, ते रागावले का?”

मला माहीत नव्हतं. मी मेधाताईंना विचारलं. त्या उठल्या, दार बोटभर उघडून बाहेर बघून आल्या.

“बाहेर बाकावर बसलेत,” त्या म्हणाल्या. “पेपर वाचतायत. मला म्हणाले, सावकाश होऊ द्या.”

रमानं मान डोलावली. रिमोट शेजारच्याकडे दिला, आपली खुर्ची ओढत पडद्याच्या जवळ नेली, आणि बोलायला लागली.